समोरच्याची वकिली

आमच्या महापौरांशी भांडणं अशक्य होतं. तुम्ही तावातावाने एक मुद्दा मांडलात की ते म्हणत, "बरोबर. शिवाय तुमचा अजून एक मुद्दा आहे, तो विसरलात," आणि तोही तेच मांडत. आता माणसाने भांडायचं कोणाशी? कपाळाशी?

अंधेरीच्या कोर्टात ते वकिली करत आणि मरोळला आमच्या शेजारच्या खोलीत राहत. चाळीतलं प्रत्येक भांडण आधी त्यांच्या ओट्यावर यायचं. तिथली पद्धत जगावेगळी. आपली बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची मांडायची! एकदा वरच्या मजल्यावरच्या जाधववहिनींच्या ओल्या साडीचं पाणी परबकाकूंच्या पापडांवर गळलं. महापौरांनी काकूंना वहिनींची बाजू मांडायला लावली. काकू अशा रंगल्या की, "एवढ्याशा गॅलरीत त्या बिचारीने साडी वाळत घालायची तरी कुठे?" असं विचारून स्वतःचाच खटला हरल्या. हे त्यांच्या लक्षात आलं घरी गेल्यावर. मग दोन दिवस महापौरांचा उद्धार चालला होता.

पुढे ते महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. आश्वासन एकच, चाळीच्या दारात नळ. तेव्हा आम्ही रस्त्यापलीकडून पाणी आणायचो. मी तर कामावर निघण्याआधी चार खेपा घालायची. प्रचारसभेत महाशय स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलले आणि विरोधी उमेदवाराच्या चांगल्या कामांवर वीस मिनिटं. शेवटी त्यांच्या बायकोने खालून ओरडून सांगितलं, "अहो, मग त्याचाच बिल्ला लावा ना!" तरी निवडून आले. झाले नुसते नगरसेवक, पण महापौर व्हायची हौस दांडगी, म्हणून ती पदवी आम्ही आधीच देऊन टाकली.

वर्षभर खेटे घालून त्यांनी नळ मंजूर करून आणला. एकच. आणि तिथेच घोळ झाला. चाळीमागच्या टेकडीवर नवी वस्ती उभी राहिली होती. तिथल्या बायका म्हणाल्या, नळ आम्हाला द्या. झालं, महापौरांनी सुनावणी ठेवली! आम्ही निर्धास्त होतो, कारण चाळीतर्फे माझी आई होती आणि तिच्या तोंडाला लागायची मरोळात कोणाची टाप नव्हती.

"वहिनी, तुम्ही वस्तीची बाजू मांडा," महापौर म्हणाले.

"माका काय पडलाहा त्यांचा?" आई फणकारली. पण उभी राहिली. "आम्ही सपाटीवरून आणतो, तरी कंबर मोडते. ह्यांना तर चढण. ती पोटुशी पोरगी परवा हंडा घेऊन बसत बसत चढत होती. वर पोचेपर्यंत अर्धं पाणी सांडलं. मग रडली आणि परत खाली उतरली." बोलता बोलता आई थांबली. तिने वळून आमच्याकडे बघितलं.

"वाट लागली," मी म्हणाले.

मग वस्तीतली एक बाई आमच्यातर्फे उभी राहिली. "खालच्यांनी साहेबांना मतं दिलीत," ती म्हणाली. "आमची तर नावं पण यादीत नाहीत."

महापौरांना हे पक्कं ठाऊक होतं. तरीही नळ टेकडीवर गेला.

चाळ खवळली. ज्यांनी गुलाल उधळला होता, ते त्यांना बघून दार लावून घेऊ लागले. आईने तर, "माझ्या तोंडातून काढून मलाच फसवलं मेल्याने," म्हणत त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पुढच्या निवडणुकीत महापौर सपाटून आपटले.

निकालाच्या संध्याकाळी ते ओट्यावर एकटेच बसले होते. आई मला घेऊन तिथे गेली. म्हटलं, आता ही काय बोलते कोण जाणे.

"भावोजी, मी तुम्हाला मत दिलं नाही."

"ठाऊक आहे. आणि का दिलं नाहीत, तेही सांगतो," त्यांनी सवयीने सुरुवात केली.

"गप बसा जरा. त्या दिवशी मी जे बोलले ना, ते मला बोलायला लावलंत म्हणून नव्हे. ते खरंच होतं."

महापौरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत पुसला.

"वहिनी," ते म्हणाले, "जिंकलो की हो मी."