उणेरावाने ताईसाठी निवडलेली अँटेना

कारखान्यात त्याला सगळे उणेराव म्हणत. अर्धं आयुष्य अँटेना तपासण्यात गेलेलं, आणि जुन्या यंत्रावर आकडा यायचा तो उणेच. उणे चार म्हणजे टाकाऊ, उणे चोवीस म्हणजे झकास. आकडा जितका खाली तितकी अँटेना भारी, हे हाडीमाशी खिळलेलं. बायको म्हणायची, "दिवसभर उणं बघता आणि घरी येऊन माझी उणीदुणी काढता!"

परवा नवं यंत्र आलं. ते चिन्हच लावत नव्हतं. साहेब म्हणाले, "तोटा म्हटलं की उणे त्यात आलंच, वेगळं कशाला लिहायचं?" उणेरावाने मान डोलावली. लक्ष चहाकडे होतं.

त्याची थोरली बहीण रुग्णवाहिका चालवायची. तिच्या गाडीची अँटेना मोडली, तेव्हा भावाने नव्या यंत्रावर एकेक लावून पाहिली आणि सगळ्यांत लहान आकड्याची, चारची, निवडली. चोवीसची नाक मुरडून बाजूला ठेवली. आज सकाळी ताईच्या गाडीवर बसवूनही आला.

दुपारी जेवताना बायकोपुढे फुशारकी सुरू झाली. "रेडिओने पाठवलेलं थोडं अँटेनेवर आपटून माघारी येतं. त्या माघारी येणाऱ्याला किती तोटा झाला, तो हा आकडा. ताईच्या अँटेनेत तोटा फक्त चार! म्हणजे माघारी येतं ते..."

घास हातातच राहिला. तोटा कमी, म्हणजे माघारी येणारं जास्त, बाहेर जाणारं कमी!

"अहो, काय झालं?"

"माती खाल्ली!"

ताईचा फोन लागेना. कारखान्यातून चोवीसची उचलून तो रुग्णवाहिकांच्या तळावर पोचला, तर गाडीची जागा रिकामी. आत रेडिओवर बसलेली बाई वैतागली होती. "ताई काय बोलतात कळतच नाही. नुसती खरखर." उणेराव फाटकापर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई.

अखेर गाडी आली.

"पेशंट?"

"पोचवला. पण पत्ता नीट ऐकू येईना, दोन गल्ल्या चुकले. सगळ्यांत चांगली निवडलीस ना रे?"

"उलटी निवडली, ताई."

"लहानपणीही निवडून निवडून किडकंच फळ माझ्या हातावर ठेवायचास!"

तो चोवीसची घेऊन टपावर चढला. घाईत स्क्रू दोनदा निसटला.

"ही कितीची?" खालून प्रश्न आला.

"चोवीस."

"उणे की अधिक?"

"ते राहू दे गं. तू बोलून बघ आधी."

ताईने सकाळपासूनच्या सवयीने माइकमध्ये बोंब ठोकली. लगेच स्वच्छ उत्तर आलं, "ताई, हळू! कान फुटले माझे."

टपावर उणेराव तसाच खाली बसला.