खरवईचा कळस आणि नागपूरचा आवाज

चिंतामणराव प्रधानांशी बोलताना शब्द जपून वापरावे लागत. ते रागीट होते म्हणून नव्हे. रागीट माणूस परवडतो, तो रागावून निघून तरी जातो. चिंतामणरावांच्या हाती एखादा शब्द लागला की ते त्याचं मूळ सांगत, आणि ते सांगून होईपर्यंत समोरच्याला हलू देत नसत. अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही दोघे एकाच हापिसात होतो आणि खरवईत आमची बिऱ्हाडं एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे मला सुटी अशी नव्हतीच. एकदा माझ्या पायात काटा मोडला आणि मी त्यांच्या अंगणात एका पायावर उभा राहिलो, तर त्यांनी 'कंटक'पासून सुरुवात केली. काटा शेवटी उमाबाईंनी काढला.

उमाबाई म्हणजे त्यांची बायको. कमी बोलणारी, कामाला वाघीण, आणि एकुलत्या एका मुलीवर जीव टाकणारी. ही मुलगी कुंदा. तिचा गळा असा गोड, की ती संध्याकाळी गायला बसली की गावातल्या बायका शेणाचे हात तसेच घेऊन आमच्या कुडाशी येऊन थांबत. चोपन्न साली तिचं लग्न झालं, मांडव खरवईतच पडला, आणि ती गेली थेट नागपूरला. सासर खाऊनपिऊन सुखी, पण कडक. दीड वर्षात एकदाही त्यांनी तिला माहेरी धाडली नाही. आज सणवार, उद्या सासूबाईंची कंबर, परवा आणखी काही. उमाबाई तक्रार करत नसत. फक्त संध्याकाळ झाली की भांडी जरा जास्तच आपटत.

आणि एक दिवस पोस्टकार्ड आलं, की येत्या गुरुवारी दिवेलागणीनंतर नागपूर केंद्रावरून कुंदाचं गाणं होणार आहे. सासऱ्यांचे कुणी स्नेही तिथे होते, त्यांनी घरात तिचं गाणं ऐकलं आणि सासऱ्यांची परवानगी मिळवली.

उमाबाईंनी ते कार्ड देवापुढे ठेवलं आणि नवऱ्याला एवढंच म्हटलं, "अहो, मला ते ऐकायचंय."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. या बाईने तोवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, हे चिंतामणरावांनीच मला सांगितलं, आणि नवल म्हणजे 'मागणे' या शब्दाचं मूळ न सांगता. रविवारी आम्ही दोघे उल्हासनगरला गेलो. कॅम्पातल्या होतचंदचं बराकीतलं दुकान अर्धं कापडाचं आणि अर्धं रेडिओंचं होतं. त्याने बॅटरीवर चालणारा एक जुना संच पुढे केला, लाकडी पेटीचा, चांगला गुबगुबीत.

"मुंबई लागेल?" मी विचारलं.

"मुंबई तो साईं, तार दाताला लावली तरी लागेल," होतचंद म्हणाला. त्याचं मराठी नवीन होतं, पण तो ते बिनधास्त चालवी. "नागपूर मंगता है? मग ऊँचा एरियल मंगता. जेवढा ऊँचा बांबू, तेवढा साफ आवाज. आणि अर्थची तार ओल्या जमिनीत. जमीन सुकली की आवाज गेला."

सोमवारी संध्याकाळी चिंतामणरावांनी घराच्या कौलांवर दोन बांबू जोडून उभे केले. ते छान दिसत होते. मंगळवारी सकाळी गावचे पाटील बाळाजी आणि त्यांच्या मागे निम्मं गाव आमच्या अंगणात होतं.

इथे गावची एक रीत सांगायला हवी. खरवईत देवीच्या देवळाच्या कळसापेक्षा उंच काही बांधायचं नाही. घर नाही, माडी नाही, पाडव्याची गुढीसुद्धा नाही. आमचं घर पडलं टेकाडावर, त्यामुळे आधीच ते कळसाच्या खांद्याला लागत होतं. त्यावर दोन बांबू म्हणजे सरळ सरळ देवीच्या डोक्यावर. आणि कळस तर नवाकोरा होता, गेल्या चैत्रातच चढला होता. गावातून लग्न होऊन गेलेल्या पोरींनी, म्हणजे सगळ्या माहेरवाशिणींनी मिळून तो दिला होता. कळस चढवताना त्या साऱ्या आल्या होत्या. फक्त कुंदाला सासरच्यांनी पाठवलं नव्हतं.

बाळाजी पाटील भला माणूस. तो म्हणाला, "परधान सायेब, संध्याकाली देवलात या. पंचांसमोर काय ता बोला. हात जोरले की मानसं ऐकतान."

मी चिंतामणरावांना वाटेत चार वेळा बजावलं, की फक्त हात जोडा. तीन दिवसांपुरता बांबू, पोरीचं गाणं, तुमची आज्ञा, बस्स. ते "हो, हो" म्हणत होते, पण त्यांचे डोळे चमकत होते. ती चमक मी ओळखायचो.

देवळापुढच्या अंगणात सगळे बसले. पाटलांनी विषय काढला. चिंतामणराव उठले, हात जोडले, आणि म्हणाले, "मंडळी, मुळात कळस म्हणजे काय?"

मी डोळे मिटून घेतले.

मग ते सुरू झाले. कळस हा शब्द मूळचा संस्कृत कलश. कलश म्हणजे घडा, पाण्याचं भांडं. आपल्या बायका जिच्यातून पाणी आणतात ती कळशी त्याचीच धाकटी बहीण. पूर्वीच्या लोकांनी भरलेला घडा शुभ मानला, म्हणून तो लग्नात मांडला, नवरात्रात घट म्हणून बसवला, आणि देऊळ पुरं झालं की त्याच्या माथ्यावर नेऊन ठेवला. तो सगळ्यात वर बसला म्हणून लोक कशाच्याही टोकाला कळस म्हणू लागले. पराक्रमाचा कळस, सुखाचा कळस, उर्मटपणाचाही कळस. "तेव्हा उंची ही नंतर आलेली गोष्ट आहे. मुळात ते भांडं आहे!" आणि वर त्यांनी गावकऱ्यांचं कौतुक केलं. "तुम्ही 'कलस' म्हणता ना, लोक हसतात. हसू द्या! संस्कृताला तुम्हीच जवळचे!"

त्यांना खरोखरच कौतुक करायचं होतं. पण आपल्या बोलीची कुणीतरी भर सभेत नक्कल केली, एवढंच गावाला कळलं.

"म्हंजे आमचे पोरींनी देवीला पान्याचा भांडा दिला?" ठमाबाई उठून उभी राहिली. ठमाबाई ही पाटलांची थोरली बहीण. नवऱ्याला घरजावई करून माहेरीच राहिलेली, आणि गावाची खरी पाटीलकी तिच्याकडेच होती. "चार पोरी खारीवरशी, येवढे लांबशी, पायी आयल्यान कलसाला. भांडं बगाया आयल्यान?"

"नाही, नाही, भांडं म्हणजे पवित्र भांडं—"

"आनि तुमचा बांबू पवित्र हाय, आं?"

चिंतामणराव माघार घेतील तर शपथ. त्यांनी आता अंबरनाथचं शिवमंदिर काढलं. एवढं पुरातन देऊळ, पण शिखर अपुरं, कळसाचा पत्ता नाही. मग तिथे देव नाही का?

"तिथं कलस नाय," बाळाजी पाटील शांतपणे म्हणाला, "म्हनून तर तिथं कारखान्यांचे धुराडे वर चडले. आमाला नको तसला."

आम्ही दोघे त्याच धुराड्यांखाली नोकरी करत होतो. कुणीतरी हसलं, पण सभा मोडली ती मोडलीच. बांबू उतरवायचे, असं ठरलं.

घरी आल्यावर मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. भिंतीपलीकडे मात्र उमाबाईंनी त्या दिवशी भांडीही आपटली नाहीत. ती शांतता मला भांड्यांपेक्षा वाईट वाटली. चिंतामणराव ओट्यावर बसून होते, बांबू त्यांच्या पायाशी आडवे पडले होते, आणि त्या क्षणी मला त्यांची खरीच दया आली. शहाणा माणूस स्वतःच्या शहाणपणात असा अडकला की त्याला सोडवायला कुणी येत नाही.

बुधवारी सकाळी उमाबाई एकट्याच ठमाबाईकडे गेल्या. माझी बायको त्यांच्या सोबतीला गेली होती, म्हणून काय घडलं ते मला कळलं.

ठमाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही. "बांबूचं बोलाया आयलीस तर नको बोलू, उमाबाय."

"बांबूचं नाही. नवरा बोलला त्याची माफी मागायला आले."

"ते येरं हाय. येड्याचं काय मनावर घ्यावं."

"ठमाबाई, कळसाला सगळ्या लेकी आल्या. माझी नाही आली. तुम्ही तिच्या नावाने पानसुपारी ठेवली होतीत, मी पाहिलं होतं. उद्या ती येणार होती. नुसता आवाज येणार होता. तोही आता येत नाही." एवढं बोलून त्या उठल्या. रडल्या मात्र तिथेच, उंबऱ्यात, पदर तोंडाला लावून.

ठमाबाईने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तार किती उंच लागतं?"

"जमेल तेवढी."

"कलसाच्या वर नाय. कलसाच्या खाली चालंल?"

असं झालं की गावातली सगळ्यात उंच जागा, कळस सोडून, म्हणजे देवळाच्या शिखराचा गळा. तार तिथे बांधायची. देवीचं कळसाखाली कुणाशी वैर नाही, हा निवाडा ठमाबाईने एकटीने दिला आणि भावाला नंतर कळवला. पाटील म्हणाला, "बाय बोलली म्हंजे झाला." तार टेकाडापर्यंत पुरणार नव्हती, म्हणून रेडिओच देवळात आणायचा ठरला.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी गावचा गवंडी कमळाकर शिखरावर चढला. चैत्रात कळस त्यानेच चढवला होता. आताही त्याने आधी आंघोळ केली, ओल्या पंच्याने चढला, आणि कळसाला नमस्कार करून त्याच्या बरोबर खाली तार बांधली. अर्थची तार तुळशी वृंदावनाशेजारी पुरली. ती जागा ओली ठेवायचं काम चिंतामणरावांना दिलं. सभेतल्या पराक्रमानंतर त्यांना दुसरं काही काम देण्याची कुणाची तयारी नव्हती. ते मुकाट्याने कळशी घेऊन उभे राहिले.

दिवेलागण झाली. गाव जमलं. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, आणि मध्ये चौरंगावर रेडिओ. मी कळ फिरवू लागलो. आधी फक्त तळणीचा आवाज. मग कुणीतरी गुजरातीत भाव सांगितले. मग शिट्टी. उमाबाईंचा चेहरा पाहवेना.

"पानी घाला, सायेब!" पाटील ओरडला.

चिंतामणरावांनी अख्खी कळशी ओतली. आणि खरंच, शिट्टी विरली आणि निवेदिकेचा आवाज आला. ती सासरचं नाव घेऊन म्हणाली, सौभाग्यवती कुंदा अमुक-अमुक. "आपल्या गावाचा नाव नाय घेतला!" कुणीतरी चिडून बोललं. ठमाबाईने त्याला एका नजरेत गप्प केलं.

मग कुंदा गायला लागली.

आवाज मध्येच बुडायचा. तो बुडाला की शंभर माणसं श्वास धरायची, चिंतामणराव धावत जाऊन पाणी ओतायचे, आणि आवाज पुन्हा वर यायचा. तो पाण्याने येत होता की आपसूक, देव जाणे. पण त्या माणसाने शेवटपर्यंत विहिरीच्या खेपा घातल्या. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. मुलीचं गाणं त्यांनी सगळं धावताना ऐकलं.

गाणं संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवळात त्या आरतीलाच वाजतात. उमाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बारीक झालाय आवाज. जेवत नाही वाटतं नीट." त्यावर सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या, की हो, आम्हालाही तसंच वाटलं.

ठमाबाई पुढे झाली. तिच्या हातात हळदकुंकवाची कोयरी होती. तिने रेडिओच्या लाकडी कपाळावर कुंकू लावलं, आणि खण, नारळ, तांदूळ असं सगळं त्याच्यापुढे ठेवून ओटी भरली. माहेरवाशीण आली की भरायची असते तशीच. निवेदिका तोवर हवामान सांगायला लागली होती. "जल्लं, बोलू दे तिला," ठमाबाई म्हणाली, आणि हवामान संपेपर्यंत हात जोडून उभी राहिली. मला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही एकदम होतं तेव्हा माणूस खोकतो. मी खोकलो.

ओटी घरी नेऊन करायची काय, हा प्रश्न होता. ओटी ज्या लेकीची तिलाच पोचायला हवी. दुसऱ्या दिवशी चिंतामणरावांनी रजा टाकली आणि नागपूरची गाडी पकडली.

परत आल्यावर ते माझ्याकडे येऊन बसले. मीच विचारलं, "व्याही काय म्हणाले?"

"म्हणाले, कळवायचं तरी. मी म्हटलं, मी आलो नाही, गावाने पाठवलंय. सासूबाईंनी खण हातात घेऊन पाहिला. मग कपाळाला लावला. व्याही दिवाळीला पाठवतो म्हणालेत." ते थांबले. "कुंदाने विचारलं, बाबा, नवा कळस आपल्या ओट्यावरून दिसतो का हो?"

मी तयारीत बसलो. आता निदान पाव तास जाणार.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"दिसतो म्हणालो," चिंतामणराव म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.