विड्यांची घोडी

“तिला काय इचारायचं? ती कुठं काय बोलतीय?” आतल्या खोलीत काकू आत्याला म्हणाली.

मी दाराबाहेर केस विंचरत होते. बोलणं माझ्याच लग्नाचं होतं. घरातली चांदीची घोडी सराफाकडं आटवायला द्यायची आणि तिचे माझ्यासाठी पैंजण, जोडवी करायची, असं ठरत होतं.

घोडी म्हणजे चार पायांवरची वीतभर चौकट, वर चांदीच्या तारेच्या कमानी. आमच्याकडे लग्नात त्या कमानींमध्ये विडे उभे करून देवीपुढं ठेवतात. सासरी निघालेली लेक त्यातला पहिला विडा उचलते. घोडी पणजोबांना मिळालेली. नळदुर्गला साहेब लोकांच्या उतरायच्या बंगल्यावर ते स्वयंपाकी होते. कायमचं विलायतेला जाताना एका मडमेनं ती त्यांना दिली. मडमेला पानाची फार आवड होती, असं घरात सगळे सांगतात.

सोलापूरच्या शाळेत असताना एका पुस्तकात मला अशीच घोडी दिसली. नाश्त्याच्या टेबलावर, कमानींमध्ये पावाचे भाजलेले काप उभे केलेले. सुट्टीत घरी आले तेव्हा मी बोलले नाही. इंग्रजी शिकून आम्हाला शिकवायला आली, असं कुणी म्हणालं असतं. मग कधीतरी लक्षात आलं की पणजोबांना हे माहीत असणारच. पाव भाजून त्यात लावायचे तेच. तरी पणजीनं विडे लावले तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. न पाहिलेला तो माणूस मला तेव्हापासून आवडतो.

“नुसती पडून ऱ्हाती,” काकू म्हणाली. “पोरीच्या पायात तरी दिसंल.”

“ती एक कमान वाकलीय न्हवं, ती म्या वाकवली,” आत्या म्हणाली. “विडा उचलताना. रडून रडून दिसंना मला काय.”

“मग ऱ्हाऊ द्यायची का, वन्सं?”

“न्हाय गं. पोरीचं हुतंय तर हुऊ दे.” पण आवाज बारीक झाला होता.

मी फणी हातात घेऊनच आत गेले. काकू घोडी टॉवेलात गुंडाळत होती.

“आलं बघा इंग्लिश मीडियम,” ती हसली. “काय पायजे, बाई?”

मी टॉवेलावर हात ठेवला.

“काकू, घोडी मोडू नका. जोडवी मला साधी चालतील. विडा मात्र मी त्यातनंच उचलणार.”