काम न करणाऱ्या बाया

सन २००६. मला सदुसष्टावं लागलं होतं. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण फसवून घेतलं नाही कुणाकडून.

धाकटी लेक एम.ए. करत होती. आमच्या गावात शेतीचं निम्म्याहून जास्त काम बायाच करतात, असं तिनं प्रबंधात लिहिलं. तिचे सर म्हणाले, जनगणनेचा आकडा जोड, नाहीतर विषय बदल. विषय बदलला की वर्ष जाणार. आणि वाढीव वर्ष मी तिला देणार नव्हतो, सोयरीक बघणार होतो. तसं चारचौघांत बोलून बसलो होतो.

नारायणगावात इंटरनेटचं दुकान झालेलं. तिथं जनगणनेचे तक्ते फुकट उतरवून घेता येतात, म्हणाली. सरकार फुकट देतंय म्हटल्यावर मला गोम दिसली. मी बरोबर गेलो.

दुकानदार चष्मेवाला, पन्नाशीचा. त्यानं आधी वही पुढं केली, नाव-गाव लिहा.

"कशाला?"

"नियम हाय, बाबा."

"आमी सरकारचं बघाया आलो का सरकार आमचं?"

लेकीनं स्वतःचं लिहिलं. मी नाही लिहिलं.

राज्य, जिल्हा, तालुका असं एकेक दाबत ती गेली. फाईल मुंगीच्या चालीनं येत होती.

"यात आपल्या जमिनीचा गट नंबर न्हाई ना?"

"न्हाई आबा. नुसते गावाचे आकडे. कुणाचं नाव नसतं."

"मग नावं काढून ठिवली कुठं?"

"खोडदच्या त्या आभाळाच्या दुर्बिणीच्या अँटेनाबी आपलंच बोलणं ऐकत्यात म्हणत व्हता तुमी!"

दुकानदार हसला. मी त्याच्याकडं बघितलं तेव्हा थांबला.

दोनदा लाईन तुटली, तिसऱ्यांदा फाईल उतरली. आमच्या गावाची ओळ सापडली. लेकीचं बोट आडवं सरकत एका रकान्यावर थांबलं. काम न करणाऱ्या बाया. गावातल्या जवळजवळ सगळ्या त्यातच. शेती करणाऱ्यांच्या रकान्यात चिमूटभर.

"लबाडी हाय," मी म्हणालो. "त्या मोजणीवाल्या गुरुजीनं शाळेत बसून भरलं आसंल."

"गुरुजी वस्तीवर आले व्हते. मी च्या दिला त्यांना."

"मग म्होरं कुणी तरी बदललं."

"आबा, आई काय करती म्हणून त्यांनी इचारलं व्हतं. तुमी काय सांगितलं?"

आठवलं मला, पाच वर्षांमागचं. ओट्यावर पाच-सहा जण बसलेले. मी मिशीवर हात फिरवून म्हणालो होतो, "घरीच असती. आमच्या बायांवर कामाला जायची पाळी न्हाई आली अजून." तिची आई त्या वेळी बांधापलीकडं कांदा खुरपत होती. माझ्यामागून बाकीच्यांनीही तेच सांगितलं. कामाला जाणारी म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी. स्वतःच्या रानातलं काम आमच्यात काम धरतच नाहीत.

परत येताना आम्ही एसटीत बसलो. लेक म्हणाली, "आता मलाच घरोघर इचारावं लागंल. सरांना लेखी दाखवावं लागंल. पण तवा चुकीचं सांगितलं, असं कोण पुरुष लिहून दील?"

मला अजून संशय आहे, हे सगळं तिला आधीच ठाऊक होतं. एरवी मला बरोबर नेताना कटकट करणारी पोरगी त्या दिवशी एका शब्दानं नको म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कोरी वही घेऊन मी दूध डेअरीवर गेलो. गडीमाणसांची रांग लागलेली. मी वहीत सगळ्यांदेखत मोठ्या अक्षरात लिहिलं: आमची मंडळी शेती करते, मोजणीला मी खोटं सांगितलं. वही मागच्याच्या हातात दिली.

"हे काय काढलं, आबा?"

"वाच. खरं आसंल तर खाली तुझंबी लिही."

तो वाचत होता तोवर मी त्याची किटली धरून उभा राहिलो.