साडेबारा हजार फुटांवरची तहान

हिमालयात गेले तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आता सत्तरीला टेकलेय, तर त्या छप्पन्न वर्षांच्या पोरीविषयी चार खरे शब्द लिहायला हरकत नाही.

कसबा बावड्यातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा बायकांत मी सगळ्यात पुढं चालायची. कोण किती मागं राहिलं, ते मान वळवून बघायचीही. शेवटाला माझी धाकटी जाऊ असायची, हाशहुश करत, पदरानं तोंड पुसत. उत्तराखंडातल्या एका शिखरावर जायचं मी ठरवलं आणि बायकांतल्या एकट्या तिनंच नाव दिलं, तेव्हा मी भिशीत सगळ्यांसमोर म्हटलं, "हिला अर्ध्यातनं खाली आणायला मलाच लागणार." तीन महिने दर रविवारी पाठीवर पाच किलो जोंधळे बांधून आम्ही दोघी जोतिबाचा डोंगर चढलो. चढण्यात मी पहिली, बोलण्यातही मीच पहिली.

पाणी पिण्याचा सराव तेवढा कुणी केला नाही.

माझं माहेर कुरुंदवाड. दोन नद्यांच्या संगमाजवळ वाढले, पण घराबाहेर पडायचं म्हटलं की तहानलेलं राहायला शिकले. एसटीनं जायचं असलं की आई सकाळपासून तांब्या नजरेआड ठेवायची. लग्न असो, जत्रा असो, बाईनं घोटावर भागवायचं, कारण आडोसा कुठं मिळेल याचा भरवसा नाही. पुढं मी याची शेखीच मिरवायला लागले. कोल्हापूर ते मुंबई एकदाही न उतरता जाते, हे मी पदक मिळाल्यासारखं सांगायची.

डोंगरावर आमचा वाटाड्या गढवाली होता, शांत माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दिन में चार लीटर पानी. प्यास लगे ना लगे." उंचीवर पाणी कमी पडलं तर डोकं धरतं, माणूस आडवा होतो, हे त्यानं नीट समजावलं. मी मान डोलावली. मग पुढं-मागं बघितलं. तेरा जणांत बायका आम्ही दोघीच. मुक्कामाच्या जागी कापडाचा संडास असायचा, पण मधल्या सहा तासांत नुसता गुडघाभर बर्फ, नावाला झुडूप नाही.

तेव्हा मी बाटली भरून घ्यायची, वाटाड्याच्या देखत तोंडाला लावायची, आणि रांग थांबली की हळूच मागं ओतून द्यायची. हिमालयाला पाणी घालणारी बाई मी पहिलीच असेन.

जाऊ मात्र म्हशीसारखी प्यायची. आणि लागली की थांबायची. "पावणं, जरा तिकडं तोंड करा की," असं सगळ्या रांगेला मराठीतच सांगायची आणि मिळेल त्या दगडामागं जायची. दिल्लीचे, इंदूरचे ते पुरुष. शब्द कळत नव्हते, पण मुकाट्यानं दरीकडं बघत उभे राहायचे. मी लाजेनं मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसायची. एकानं विचारलं, "आप दोनों साथ हैं?" मी म्हटलं, "बस, गाँव एक है."

शिखराच्या दिवशी उजाडताना निघालो. दोन दिवस डोकं दुखत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिला तास पुढं राहिले. मग डोक्यात मुसळाचे घाव पडायला लागले. जीभ टाळ्याला चिकटली. वीस पावलं मोजायची आणि काठीवर रेलायचं. मग दहा. मग सहा, आणि सहा मोजतानाही चार झाली की पाच, हे आठवेना. वर टोक दिसत होतं, तिथं कुणीतरी रोवलेला झेंडा फडफडतानाही दिसत होता. भिशीत काय तोंड दाखवणार, असं मी पायांना बजावत होते. पायांना भिशी माहीत नव्हती. मी बर्फात बसले आणि ओकले. पोटातून काही पडलंही नाही.

वाटाड्यानं वाकून हळू आवाजात विचारलं, "माँजी, पेशाब कब हुआ था?" परक्या पुरुषाला काय सांगायचं? मी दुसरीकडं बघितलं. तेवढ्यात मागून जाऊ आली, धापा टाकत. तिनं माझ्या पिशवीतली बाटली उपसून हलवली. काठोकाठ भरलेली, वर बर्फाची साय धरलेली; त्या दिवशी ओतायचंही भान मला राहिलं नव्हतं.

"अक्का, कधीपासनं प्याली न्हाईस?"

"पितेय की."

"खोटं बोलू नगं. मला डोळं न्हाईत व्हय?"

वाटाड्याला मराठी येत नव्हतं, पण बाटली पुरेशी होती. "आप नीचे जाएँगी," तो म्हणाला. तासाभराची वाट उरली होती. मी हात जोडले. त्यानं नुसती नकाराची मान हलवली.

तेव्हा मनात आलं ते लिहूनच टाकते. हीपण माझ्याबरोबर उतरली तर बरं, असं वाटलं. घरी सांगता येईल, दोघींनी मिळून ठरवलं. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं बहुतेक.

"मी वर जाणार हाय," ती म्हणाली. "तुझ्यापायी उतरायची न्हाय. आधी हे पी."

थर्मासमधलं कोमट पाणी तिनं मला घोट घोट पाजलं, आजाऱ्याला पाजावं तसं. बराच वेळ गेला. मग अंगावरची शाल काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि माझ्याकडं पाठ करून, सगळ्या रांगेकडं तोंड करून उभी राहिली. वारा शाल ओढत होता. तिनं टोकं सोडली नाहीत.

"बस. मी हाय."

शहाणी झाल्यापासून मी कुणाकडं आडोसा मागितला नव्हता. मागायचा असतो, हेच ठाऊक नव्हतं.

ती वर गेली. मला एका मदतनिसानं धरून खाली तंबूत आणलं. दुपारी ती आली, ओठ फुटलेले, नाक उन्हानं भाजलेलं. माझी बाटली रिकामी झालेली बघितल्याशिवाय टेकली नाही.

"वरनं काय दिसलं?" मी विचारलं. वाटलं, माझं मन राखायला म्हणेल, धुकं होतं.

"लई झ्याक," ती म्हणाली. "चारी बाजूंनी उघडं. एक ढग न्हाय. तू असायला पायजे हुतीस."

मग तंबूच्या कापडावर बोटानं रेघा ओढत तिनं एकेक शिखर दाखवलं. कुठलं उन्हानं पिवळं, कुठल्या दरीत नदी दोऱ्यागत. काही वगळलं नाही. ऐकता ऐकता मी रडायला लागले. सकाळी ओकताना डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता अंगात रडण्यापुरतं पाणी आलं होतं.

"रड," ती म्हणाली आणि दुसरी बाटली माझ्या हातात दिली. "पण पीत पीत रड."