गोठ्यावरचं तांबडं लुगडं

मी खळ्यावर होतो. धाकटा धावत आला आणि म्हणाला, "आबा, घरी चला." पुढचं त्याच्या तोंडावरच दिसलं… या गोष्टीला महिना होत आला. चंद्रभागा गेली. हयातीत मी तिला नावानं हाक मारली नाही, आता कागदावर लिहितो आहे. चार बुकं शिकलेला माणूस मी, शोभिवंत लिहिता येत नाही.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा कशेळ्याच्या वरच्या रानात मोजणीवाले आले. सगळे डोंगर कागदावर उतरवायचे होते. मला एका शिखरावर आरसा धरायच्या कामाला ठेवलं, हिवाळाभर तिथंच खोपटात राहायचं. दूरच्या डोंगरावरून साहेब दुर्बिणीत त्याचा चमकारा बघायचा आणि नकाशावर रेघ धरायचा. घरात आई-बापापुढं आम्हा नवराबायकोला बोलायची चोरी. निघताना ती दाराआडून म्हणाली, "वरून घर दिसंल का हो? मग मला कळंल असं कायतरी करा."

साहेबाचं काम आटपून ऊन कललं की मी आरसा खाली घराकडं फिरवायचो. ती गोठ्याच्या छपराच्या पेंढ्यावर तांबडं लुगडं पसरायची. मी खुशाल, ती खुशाल. घरात बोललो नसू इतकं त्या हिवाळ्यात बोललो बघा. आई मात्र टोचायची, "काल वाळलेलं लुगडं आज परत? कुनाला दावतेस गं?"

मग मला हिवताप भरला. खोपटात पडून राहिलो, आरसा तसाच. दुसऱ्या दिवशीही चमकारा नाही म्हटल्यावर ती माझ्या बापासमोर जाऊन उभी राहिली. आजवर त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मामंजी, त्यांना बरं नाय. मी वर जाते."

"तुला कुनी सांगितलं?"

"ऊन हाय, पन आरसा चमकंना."

आईला तेव्हा लुगड्याचा उलगडा झाला. तिनं भाकऱ्या बांधून दिल्या. चंद्रभागेनं आणि माझ्या भावानं मला झोळीत घालून खाली आणलं… म्हणून तर आज लिहितो आहे.

पुढं साहेबानं नकाशा दाखवला. माझ्या शिखरावर खुणेचा त्रिकोण होता. घरी येऊन सांगितलं, तर म्हणाली, "आन् आपलं घर?"

"ते नाय काढलं."

"मग कसला त्यो नकाशा?"

तिच्याबरोबर संसार सुखाचा झाला, खोटं कशाला सांगू. आता ऊन कललं की मी तिचं लुगडं गोठ्यावर पसरतो. काल सून म्हणाली, "मामंजी, हे कालच वाळलंय."

म्हटलं, "असू दे गं. वरून दिसतंय."