सात वेळा धुतलेली देग

इलाही बबर्चीला अल्लानं नाक दिलं आणि त्या नाकानंच त्याचा जन्म कडू केला, असं त्याची बायको खुर्शिद म्हणायची.

देगीचं झाकण न उघडता, कडेनं निसटणाऱ्या वाफेवरून तो सांगे, मीठ कमी आहे की तांदूळ बसत आलाय. मांडवगण फराट्यापासून पार दौंडपर्यंत त्याला लग्नांची बोलावणी असत. पण हेच नाक त्याला सुखानं जगू देत नसे. हॉटेलात चहा ओतायच्या आधी तो बशी हुंगायचा. एसटीत शेजारच्याच्या अंगाला घामाचा वास आला, की उतरेपर्यंत उपरण्याचा बोळा तोंडावर. दुसऱ्याच्या घरचं पाणी तो ओंजळीनं प्यायचा, तांब्याला ओठ लावायचा नाही.

शेजारची साखरबाई सत्तरीची. जेवणावळीला कांदा सोलायला तीच यायची. ती म्हणायची, "इलाही, तुझी मयत धुणाराचं कठीण हाय बघ. उठून बसशील आन् म्हणशील, आधी हात धू."

तो हसायचा नाही. खरंच तसं होईल अशी त्याला भीती वाटायची.

जगात त्याला एकच वस्तू पूर्ण स्वच्छ वाटायची, ती म्हणजे त्याची देग. आजोबांपासूनची, तांब्याची, पाऊण मण तांदूळ एका वेळी शिजवणारी. बैलगाडीतून पडून कडेला बोटभर पोचा आलेला. घरात ती फळीवर पालथी असे. तिला घासायचं काम तो खुर्शिदलाही देत नसे. माणसं इलाहीला बोलवायची ती या देगीसकट. गावच्या पिराच्या उरसाला तर दुसऱ्या भांड्यातला पुलाव कुणी पाहिलेलाच नव्हता. मुसलमानांची घरं मोजकी, पण उरसाच्या पंगतीला सगळं गाव बसायचं. पुलाव उतरायच्या आधीच माणसं दर्ग्याच्या भिंतीला पाठ लावून वाट बघत. इलाहीनं शिजवलंय म्हणजे त्यात बघण्यासारखं काही नाही, असा गावाचा विश्वास होता.

अशा माणसाच्या नशिबी दर हिवाळ्यात कुत्री आली.

पोपटराव गावचे मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. होणाऱ्या साखर कारखान्यात त्यांना संचालक व्हायचं होतं. पुण्याचे एक बडे साहेब त्या कामात उपयोगी पडतील, असं त्यांना वाटे. साहेबांना शिकारीचा नाद. म्हणून बाजरी निघाली, की भीमेकाठच्या पोपटरावांच्या रानात तंबू लागायचे. साहेब, त्यांचे तीन दोस्त आणि चार कुत्री आठ-पंधरा दिवस मुक्कामाला असत. स्वयंपाकाला इलाही. पहिल्या वर्षी त्यानं नाही म्हणून पाहिलं. पोपटराव म्हणाले, "तुला काय त्यांच्याशी सोयरीक करायची हाय का? रांध आन् घरी जा." गावात राहायचं तर चेअरमनला दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही. तो जायला लागला. जाताना फक्त स्वतःचा सुरा आणि उलथनं न्यायचा. त्याची भांडी तिथं कधी गेली नाहीत.

तीन हिवाळे त्यानं ते पाहिलं. नदीत बदकामागं पोहून आलेली कुत्री तंबूत शिरून गालिच्यावर अंग झाडायची. ओल्या केसांचा तो वास कनातीत, गाद्यांत, पिठाच्या डब्यातसुद्धा बसायचा. सीझर नावाचा जाड गळ्याचा एक होता. त्याच्या ओठांतून लाळेची तार सुटायची ती तुटायचीच नाही, लोंबत लोंबत साहेबांच्या मांडीवर उतरायची. साहेब त्याच्या कानातले गोचीड उपटायचे, बुटाखाली चिरडायचे आणि त्याच बोटांनी रोटीचा तुकडा मोडायचे. अर्धा तुकडा स्वतःला, अर्धा सीझरला. जेवण झालं, की ताटं खाली ठेवायची. कुत्री ती चाटून लख्ख करायची. आणि साहेबांचा पोऱ्या नुसता पाण्याचा हात फिरवून तीच ताटं संध्याकाळी पुन्हा मांडायचा.

इलाही चुलीकडं तोंड करून बसायचा. कुत्र्यांसाठी खिमा-भात शिजवायला एक जर्मलचं पातेलं वेगळं होतं. तो श्वास रोखून ते ढवळायचा. संध्याकाळी घरी आला, की आंघोळीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

"अजी, कातडं निघंल," खुर्शिद म्हणायची.

"निघू दे. वास तरी जाईल."

चौथ्या वर्षी, उरूस चार दिवसांवर आला असताना, साहेबांना पाव आणि बर्फ हवा झाला. पोपटरावांनी इलाहीला दौंडला धाडलं. तो नावेनं पैलतीरी गेला, तिथून सायकलनं स्टेशनात. भुशात गुंडाळलेला बर्फ पाठीवर गळत घेऊन तो उन्हं कलता परतला. नाव काठाला लागायच्या आधीच त्याला तंबूकडून हसण्याचा कल्लोळ ऐकू आला.

चुलीजवळ त्याची देग होती.

आधी त्याला वाटलं, तसलीच दुसरी असेल. मग कडेचा पोचा दिसला. देगीच्या काठावरून एका कुत्र्याचं मागचं धूड बाहेर आलं होतं. शेपूट हलत होती. पुढचे पाय, डोकं, खांदे सगळं आत. आतून लपलप, लपलप आवाज येत होता, आणि तांबं तो आवाज मोठा करून बाहेर सोडत होतं. साहेबांचा एक दोस्त गुडघ्यावर बसून फोटो काढत होता.

"इलाही," साहेब ओरडले, "सीझरनं पास केली बघ तुझी देग!"

झालं होतं एवढंच. आंघोळीचं पाणी तापवायचा हंडा फुटला. पोपटरावांनी गाडी धाडून इलाहीच्या घरून देग आणवली. चेअरमनचा माणूस दारात आल्यावर खुर्शिद काय बोलणार? पाण्याचं काम झाल्यावर पोऱ्यानं विचार केला, पातेलं कुठं शोधा. कुत्र्यांचा सगळा भात त्यानं देगीतच कालवला.

सीझरनं डोकं वर काढलं. मिशांना हळदीचा भात चिकटलेला. त्यानं इलाहीकडं पाहिलं आणि ओठ चाटले.

इलाहीनं बर्फ खाली ठेवला. देगीला कुणाला हात लावू न देता ती ओढत नदीवर नेली.

कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एक धुणं मातीचं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. काठावरची ओली माती ओंजळीनं घेऊन तो देगीत वाकला आणि मनगट दुखेस्तोवर घासत राहिला. मातीनंतर पाणी. एक. दोन. तीन. सहाव्या पाण्याला समाधान होईना, म्हणून त्यानं मातीची आणखी एक ओंजळ घेतली. बोटांत काहीतरी मऊ फुटलं. वास आला. पंधरा दिवस त्या काठावर चार कुत्री मोकाट हिंडत होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या मातीनं तो देग पाक, म्हणजे शुद्ध, करत होता, ती मातीच तसली.

तो तिथंच ओकला. मग देग डोक्यावर घेऊन काठाकाठानं वरच्या अंगाला निघाला, जिथं पाणी अजून तंबूपाशी पोचलेलं नसतं. तिथं भिमाजीचं कांद्याचं रान होतं. बांध उकरताना पाहून भिमाजी आला.

"इलाही, नदीची माती सोडून माझा बांध का फोडतुयास?"

"हितं कुत्री हागत न्हाईत म्हणून."

"आमची माणसं बसत्यात की रं!"

इलाहीच्या हातातली माती गळली. भिमाजीला दया आली असावी. "चेष्टा केली. ती पल्याड, बाभळीखाली. ही सोन्यासारखी हाय. घे."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सात झाली तेव्हा बोटांची टोकं सोलली होती.

बाजाराच्या दिवशी त्यानं देगीला नवी कल्हई करून घेतली. मग पिराचे मुजावर वजीरचाचा यांच्याकडं जाऊन सगळं सांगितलं. वजीरचाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "सात झाली न्हवं? मातीनं घासली न्हवं? मग पाक झाली. तू आता तिला नापाक म्हणशील, तर त्योच गुन्हा. पण इलाही, गावात बोलू नगंस. माणसाचं मन कायद्यानं धुवून निघत न्हाई."

पोपटरावांनीही वाटेत थांबवून तेच सांगितलं. "अरं, मुकं जनावर. घासली, संपलं. मला विचारशील तर मी आत्ता खातो त्यात."

घरी इलाहीनं देगीत मूठभर तांदूळ शिजवून पाहिला. खुर्शिदनं सगळा खाल्ला, बोटंसुद्धा चाटली. त्याला एक घास उतरला नाही. भाताला वास नव्हता, नाक तसं सांगत होतं. पण लपलप ऐकू येत होतं.

सांगावं, तर उरसाला देग नाही. आणि पुढं कुणाच्या मांडवातही नाही. न सांगावं, तर भिंतीला पाठ लावून विश्वासानं बसलेली माणसं. दोन दिवस तो या दोन गोष्टींमध्ये हेलपाटे घालत राहिला. अखेर वजीरचाचांचा शब्द धरून त्यानं गुरुवारी पहाटे देग चुलीवर चढवली.

पुलाव उत्तम झाला. दुपारी पिराला नैवेद्य दाखवून पंगत बसली. रिवाजानं पहिलं ताट पोपटरावांच्या घराला. इलाहीनं स्वतः वाढून ते त्यांच्यापुढं ठेवलं.

पोपटरावांनी ताटाकडं पाहिलं. बोटांच्या टोकांनी ते थोडं पुढं सरकवलं.

"आज गुरुवार. माझा उपास हाय."

"कवापासनं?" शेजारी बसलेला भिमाजी म्हणाला. "गेल्या गुरुवारी माझ्या मळ्यात बोकडाचं काळीज कुणी खाल्लं?"

माणसं हसली. पोपटरावही हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल नाकाशी नेला. त्यांची नजर एक क्षणभर इलाहीवर टेकून देगीकडं गेली आणि चटकन फिरली. ती नजर इलाहीनं ओळखली. तीन हिवाळे चुलीकडं तोंड करून त्यानं स्वतः तीच तर आवरली होती. फक्त त्यानं कधी "मी खातो" असं म्हटलं नव्हतं.

त्याला किळस आली. या वेळी कुत्र्याची नव्हे.

तो पोपटरावांपुढं मांडी घालून बसला. ते ताट स्वतःपुढं ओढलं आणि मोठा घास घेतला. त्यानं तो गिळला. दुसरा घेतला. पंगतीतल्या माना त्याच्याकडं वळल्या.

"रविवारी या देगीत साहेबाच्या कुत्र्यानं तोंड घातलं," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "देग माझ्या घरनं मला न इचारता नेली व्हती. मी सात वेळा धुतली, मातीनं घासली, कल्हई केली. पाक हाय. तरी मी आधी सांगाया पायजे व्हतं. न्हाई सांगितलं, ती चूक माझी. ज्याला खायचं त्यानं खावा."

कुणीतरी थुंकलं. पदर, धोतरं सावरत माणसं उठायला लागली. ज्यांच्या लग्नांत त्यानं रात्री जागवल्या होत्या, तीही. पोपटराव सगळ्यात आधी उठले. "उरसात असलं बोलत्यात व्हय? नासवलं सगळं," असं म्हणत ते चपला शोधायला गेले.

साखरबाई होती तिथंच बसून राहिली. "वाढ रं मला," ती म्हणाली. "या वयात कुत्र्याची लाळ काय करतीय? मी माणसांची खरकटी काढली हायत जन्मभर."

वजीरचाचा बसले. भिमाजी अर्धवट उठला होता, तो शिव्या देत परत बसला. निम्मी पंगत जेवली. निम्मी देग उरली. संध्याकाळी गावातली कुत्री भिंतीपाशी जमली. इलाहीला त्यांना हाकलावंसं वाटलं, पण हात उचलवेना.

त्या उन्हाळ्यात लग्नांची दोनच बोलावणी आली. दोन्ही ठिकाणांहून सांगून पाठवलं होतं, इलाहीभाई या, भांडी आमची वापरा. त्याचं नाक तसंच तिखट राहिलं. कुत्रं वाटेत आलं, की तो अजूनही लांबून वळसा घ्यायचा. देग फळीवर पालथी होती. दर शुक्रवारी तो तिला पुसायचा.

पुढच्या हिवाळ्यात, बाजरी निघाल्यावर, पोपटराव स्वतः त्याच्या दारात आले. गोड बोलले. साहेब येतायत, तुझ्या हाताची चव दुसऱ्याला न्हाई, झालं गेलं सोडून दे, म्हणाले. खुर्शिदनं चहा दिला. तो बशीत ओतून, फुंकर मारत, ते सावकाश प्यायले.

"मी न्हाई येणार, आप्पा," इलाही म्हणाला. चेअरमनला दिलेला हा दुसरा नकार. पोपटराव बशी खाली ठेवून उठून गेले.

मग इलाही कपबशी घेऊन मागच्या दारी गेला. भिमाजीच्या बांधावरची माती त्यानं एका डालड्याच्या डब्यात भरून ठेवली होती. त्यातली चिमूट घेऊन तो बशी घासायला बसला. पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. बोटांवर मोजत होता.

खुर्शिद दारात येऊन बघत उभी राहिली.

"अजी, कुत्रं आलतं व्हय हितं?"

"न्हाई," इलाही म्हणाला आणि पाचवं पाणी ओतलं. "कुत्रं न्हवतं आलं."